डी नावाचा कप्पा

रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डवर बसणाऱ्या बाईंना आम्ही सगळे हॅलोताई म्हणायचो. मी चौकशीच्या खिडकीत आणि माझ्या पाठीमागच्या काचेच्या खोलीत त्या, त्यामुळे दिवसभर त्यांचा आवाज माझ्या कानावर असे. मऊ, स्वच्छ, कसलीही घाई नसलेला. रडत फोन करणारा माणूससुद्धा त्यांच्याशी बोलता बोलता आपोआप सावरायचा.

त्यांच्या घरी आई आणि धाकटा भाऊ. भावाला लहानपणीच्या तापात दिसेनासं झालं होतं. तो कायद्याचा अभ्यास करत होता. पुस्तकं वाचून दाखवणारं यंत्र असतं हो हल्ली, पण त्याची पुस्तकं जुनी, फिक्या छपाईची. यंत्र जोडाक्षरं गिळायचं आणि भलतंच काहीतरी ओकायचं. म्हणून ताई रोज सकाळी कामावर निघण्याआधी स्वयंपाकघराचं दार लावून घेत, पंखा बंद करत आणि लॅपटॉपसमोर बसून मोठ्यानं वाचून ते त्यात साठवत. भावाच्या छोट्या प्लेअरमध्ये एका वेळी एकच विषय मावायचा. बाकी सगळं, कित्येक वर्षांचं वाचन, त्या लॅपटॉपमध्ये.

शेवटच्या परीक्षेला महिना उरला आणि लॅपटॉप भरला. जागाच नाही.

"जुनं काही पुसू नकोस," भाऊ म्हणाला. "मला सगळंच लागणार आहे."

लॅपटॉप दुरुस्त करणारा दुकानदार म्हणाला, आठवडाभर ठेवून जा. आठवडा कुठून आणायचा? ताईंनी एक नवी ड्राइव्ह आणली, आणि सीडी घालायचा डबा काढून तिथं ती बसवायचा ट्रे आणला. सुट्टीच्या दिवशी दुपारी भाऊ झोपलेला असताना त्यांनी फोनवर व्हिडिओ लावला. बॅटरी काढली, स्क्रू वाटीत जपून ठेवले, सीडीचा डबा अलगद ओढून काढला, ट्रे आत सरकवला. सगळं अगदी नीट झालं. लॅपटॉप सुरूही झाला.

व्हिडिओतला माणूस म्हणाला, आता नवी ड्राइव्ह फॉरमॅट करा, ती डी म्हणून दिसेल. ताईंना डी दिसला. सगळं पुसलं जाईल, चालेल का, असं यंत्रानं विचारलं. नवी कोरी ड्राइव्ह, तिच्यात पुसायचं काय, म्हणून त्यांनी हो म्हटलं.

त्या माणसाच्या लॅपटॉपमध्ये डी म्हणजे नवी ड्राइव्ह होती. ताईंच्या लॅपटॉपमध्ये डी म्हणजे वाचनाचा कप्पा. त्या रोज पडद्यावरच्या चित्रावर क्लिक करून आत जात, त्या कप्प्याला डी म्हणतात हे त्यांना कधी कळायचं कारणच पडलं नव्हतं.

त्यांनी चित्रावर क्लिक केलं. आत काहीच नव्हतं.

तोंडचं पाणी पळालं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं, असं त्या मला नंतर म्हणाल्या. घरात कुणाला सांगायचा धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखं दार लावून त्यांनी पुढचं प्रकरण वाचलं आणि तिथंच साठवलं. तिसऱ्या दिवशीही.

"ताई, हा विषय झाला. आता कराराच्या कायद्याचा विषय प्लेअरमध्ये भरून दे," भाऊ म्हणाला.

"लॅपटॉप जरा तापतोय. उद्या देते."

"कालही तापतच होता."

"थोडी प्रतीक्षा करावी लागेल."

भावानं ताईंच्या आवाजाकडे तोंड वळवलं. मग म्हणाला, "माझ्याशी बोर्डवरच्या आवाजात का बोलतेस तू?"

ताई तिथंच फरशीवर बसल्या आणि सगळं सांगून टाकलं.

"मला न विचारता हात का लावलास?"

"तुझ्यासाठीच रे..."

"माझ्यासाठी म्हणू नकोस. परीक्षेला मी बसणार आहे." तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. जेवला नाही.

आईला काहीच उमजेना. "पुस्तकं तर कपाटात आहेत. मग गेलं काय?"

"वेळ गेला, आई," ताई म्हणाल्या.

दुकानदारानं लॅपटॉप ठेवून घेतला. "फॉरमॅट केलं की नुसती अनुक्रमणिका फाटते. पानं आत असतात, ती काढता येतील. पण त्यानंतर वर काही साठवलंत का?"

ताईंनी मान खाली घातली.

"मग तेवढ्यावर पाणी सोडा."

निघालं ते सगळं त्यानं नव्या ड्राइव्हमध्ये भरून दिलं. पण नावं गेली होती, क्रम गेला होता. नुसते आकडे. शेवटी भाऊ उठला, कानाला हेडफोन लावून बसला आणि एकेक तुकडा ऐकून सांगायला लागला. "हा पुरावा. हा वारसा. हा परत पुरावा, आधीच्या मागचा." ताई नावं घालत गेल्या. करार उघडला तेव्हा दोन-चार प्रकरणं सोडली तर नुसती खरखर. आपणच सकाळी बसून त्यावर वाचलं होतं, हे ताईंना कळलं.

मग त्या करार पुन्हा वाचू लागल्या. सकाळी, कामावरून आल्यावर, जेवणं उरकल्यावर. घसा बसला तरी गरम पाणी पिऊन वाचत. मी म्हटलं, "अहो, जरा दम घ्या." त्यांनी हातानंच नको म्हटलं.

एका दुपारी बोर्डवर फोन आला. कुणाची तरी बायको अतिदक्षता विभागात होती. ताईंनी तोंड उघडलं आणि नुसता वारा बाहेर आला. पलीकडचा माणूस "हॅलो, हॅलो, कुणी आहे का?" म्हणत राहिला. त्याचा आवाज चढत गेला, तो रडायला लागला. ताई पुन्हा पुन्हा ओठ हलवत होत्या. मी आत धावलो, त्यांच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला. त्यांची बोटं सोडवावी लागली मला.

स्वरयंत्रावर गाठ, असं डॉक्टर म्हणाले. काही आठवडे कुजबुजायचंही नाही.

घरी कराराचं अर्धं पुस्तक राहिलं होतं. ते आईनं हातात घेतलं. आईची शाळा लहानपणीच सुटलेली. ती बोट ठेवून अक्षर अक्षर लावत वाचायची.

"प्र... ति... फळ."

"प्रतिफल, आई."

"ते झाडाला लागतं का?"

"करारात दोघांनी एकमेकांना काहीतरी द्यायचं असतं, ते."

"मग सरळ देणंघेणं म्हणायला काय झालं होतं यांना?"

भाऊ कितीतरी दिवसांनी हसला. ताई शेजारी बसल्या होत्या. त्यांना हसूही आवाजात येत नव्हतं. भावानं हात पुढे करून चाचपला, त्यांचा खांदा सापडल्यावर तिथंच ठेवला.

पुस्तक काही संपलं नाही. लेखनिक घेऊन त्यानं परीक्षा दिली. करार राहिला, बाकीचं सुटलं. तो पेपर त्यानं पुढच्या खेपेला सोडवला आणि आता एका वकिलाच्या कचेरीत बसतो.

ताईंचा आवाज परत आला, पण जाडा आणि फाटका. बोर्डवर आता दुसरी मुलगी बसते. ताईंना चादरी-अभ्र्यांच्या खोलीत दिलंय, तिथं फारसं बोलावं लागत नाही. भाऊ कचेरीतून दुपारी फोन करतो. त्या घड्या घालता घालता हो किंवा नाही एवढंच म्हणतात, आणि तो पलीकडून बराच वेळ बोलत राहतो.