मावशीच्या कापडाची मागची बाजू

कळकळबाईंचा विषय निघाला तरी माझ्या तोंडाची चव जाते. हे नाव आम्हीच पाडलेलं, कारण दर दोन वाक्यांमागे त्यांना कसली ना कसली कळकळ वाटायची. पण ही हकीगत त्यांची नाही, माझ्या मावशीची आहे.

आमच्या भरतकामाच्या कारखान्यात तिला सगळ्याजणी पालथी मावशी म्हणतात. कुणीही पुरं झालेलं कापड पुढे केलं की ती आधी ते पालथं घालते. वर गुलाब आहे की पोपट, ते नंतर. मागे गाठ दिसता कामा नये, दोरा एका पाकळीवरून दुसरीवर उडी मारून गेलेला नको, शेपटं लोंबायला नकोत. पसंत पडलं तर कापड डावीकडच्या ढिगात, नाही तर एक शब्द न बोलता जिचं तिच्या मांडीवर परत.

ही शिस्त तिला सासूने लावली. सासूही याच खोलीत माल पास करायची. नव्या सुनेने हौसेने भरलेला पहिला अभ्रा तिने उलटा केला आणि मागच्या सगळ्या गाठी कात्रीने छाटून टाकल्या. पहिल्याच धुण्यात फुलं उसवून आली. मावशी रडली, रुसली, माहेरी आमच्याकडे येऊन बसली आणि मग गपचूप परत जाऊन शिकली. आता तिचं कापड माझ्याकडे इस्त्रीला आलं की सुलट बाजू कुठली हे मलाही दोनदा बघावं लागतं. तिला शिक्षण नाही, आवाज बसका, अंगकाठी अशी की दारात उभी राहिली तरी वाट अडत नाही. तरीही खोलीतल्या भांडकुदळ बायका तिचं निमूट ऐकतात, ते एवढ्याचसाठी. दुसरीचं कापड उलटं करून बघायचा हक्क तिला आहे, कारण तिच्या कापडात कुणाला कधी बोट ठेवायला जागा सापडली नाही.

तर अशा खोलीत कळकळबाई अवतरल्या. कारागिरांच्या आयुष्याचं संशोधन करायचं आणि त्यातूनच कापडावरची कला उभी करायची, असं त्यांचं काम होतं. मालकाला आधी ते झेपलं नाही, पण पेपरात फोटो येणार म्हटल्यावर सगळं झेपलं. बाई आमच्यामध्ये जमिनीवर बसायच्या, रेकॉर्डर मांडायच्या आणि डोळ्यांत पाणी आणायच्या तयारीने एकेकीकडे बघायच्या. कुणी सांगितलं की बरं चाललंय, तर त्यांचा चेहरा पडायचा. कुणी हुंदका दिला की त्या हात हातात घ्यायच्या.

आमच्या बायका काय कमी आहेत? आठवड्याभरात सगळ्यांना गळा काढता येऊ लागला. त्यातली एक, जिला आम्ही थापाडी म्हणतो, तिने तर आपल्या धडधाकट नवऱ्याला दारुडा करून टाकलं. तो बिचारा चहाच्या पलीकडे कधी गेलेला नाही, रोज तिचा डबा घेऊन येतो. बाई तिचा हात कुरवाळत होत्या, ती नाक ओढत होती, आणि मी इस्त्रीपाशी उभी राहून दोघींकडे बघत होते. मला शिसारी आली. कुणाची जास्त, ते अजून ठरवता आलेलं नाही.

मावशीची पाळी आली तेव्हा नवरा मारायचा का, असं बाईंनी अगदी हळुवारपणे विचारलं. तिने नीट आठवून सांगितलं की नाही, पण घोरतो फार. रेकॉर्डर बंद झाला.

मग बाईंनी प्रत्येकीला एक पांढरं कापड दिलं. त्यावर आपलं आयुष्य भरायचं, नाव काय तर जीवनपट. बायकांनी अश्रू भरले, साखळदंड भरले, पिंजऱ्यातले पक्षी तर इतके झाले की निळा दोरा संपला. मावशीने आपल्या घरामागची वाळत घालायची दोरी भरली. दोरीवर नवऱ्याचे बनियन, खाली स्टुलावर बसलेली सासू, सासूच्या मांडीवर कात्री. मागून बघा की पुढून, सासू तीच. इतकं चांगलं तिने जन्मात कधी भरलं नव्हतं, आणि हे ती स्वतःच म्हणाली. सहसा ती असं बोलत नाही.

कळकळबाईंनी कापड उलटं केलं. मागे काहीच नाही म्हणाल्या. मावशी घाबरली, भिंग आणून टाका न् टाका तपासू लागली. तेव्हा बाईंनी समजावून सांगितलं की प्रदर्शनात सगळी कापडं उलट्या बाजूने टांगायची आहेत. पुढे जगाला दिसतं ते सौंदर्य, मागे कष्टकरी बाईचा लपवलेला गुंता. तेव्हा मागे जरा गाठी करून द्याल का? मावशीला वाटलं थट्टा आहे. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. बाईही हसल्या आणि कापड घेऊन गेल्या.

प्रदर्शनाला आम्ही सगळ्या धुतलेले कपडे घालून गेलो. मोठं दालन, पांढऱ्याफटक भिंती, छतापासून लोंबणारी कापडं आणि कुठूनतरी थापाडीच्या रेकॉर्ड केलेल्या हुंदक्यांचा आवाज. माणसं हातात पेले घेऊन, चेहरे लांब करून फिरत होती. एक गृहस्थ बिस्कीट चावता चावता डोळे पुसत होते.

मावशीचं कापड मधोमध होतं. सासूच्या तोंडावरचे टाके उसवलेले. दोरे ओढून काढून खाली सोडलेले, न्हाणीच्या मोरीत केस अडकतात तसे. जागोजाग गाठी, त्याही धड नाहीत. आणि सगळ्यावर चहाचा पिवळट डाग, मुद्दाम ओतलेला. खाली मावशीच्या हाताचा फोटो आणि ठळक अक्षरांत तिचं पूर्ण नाव. आयुष्यभर तिने हजारो कापडं भरली, एकावरही नाव आलं नाही. आलं ते या घाणीखाली.

मावशी बाईंकडे गेली. एवढंच म्हणाली, "ताई, माझं नाव तेवढं काढा."

बाईंचे डोळे भरून आले. "मावशी, हे आपण दोघींनी मिळून केलंय. कारागिराचं नाव पुसायचं पाप मी नाही करणार."

आणि मावशीचा हा नम्रपणा त्यांनी लगेच जवळच्या दोघांना सांगितला. तेही गहिवरले. मी तोंड उघडणार होते, पण मावशीने माझा दंड इतका घट्ट धरला की बोलणं राहून गेलं.

पेपरात फोटो आला, तोही नेमका त्याच कापडाचा. मालकाने तो मोठा करून, काचेत घालून, खोलीत मावशीच्या बैठकीच्या वरच लावला. तिने काढायला सांगितलं, तर म्हणाला, अहो, अभिमानाची गोष्ट आहे.

पुढच्या आठवड्यात थापाडीने टेबलक्लॉथ आणून दिला. मावशीने पालथा घातला. मागे नुसता उकिरडा होता. तिने नेहमीसारखा तो थापाडीच्या मांडीवर परत ठेवला. थापाडीने उचलला नाही. भिंतीवरच्या फोटोकडे मान करून म्हणाली, "तुमचं चालतं, मग आमचं का नाही?"

"ते मी केलेलं नाही."

"खाली नाव तर तुमचंच आहे."

खोलीतल्या सगळ्या सुया थांबल्या. ते कुणी केलं हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं, पण एकीचंही तोंड उघडलं नाही. मागची बाजू साफ ठेवायला सगळ्यांचाच निम्मा दिवस जायचा. एवढं हलकट गप्प बसणं मी कधी पाहिलं नव्हतं. मावशीने सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. मग टेबलक्लॉथ उचलला आणि डावीकडच्या ढिगात ठेवला.

संध्याकाळपर्यंत आणखी चौघींची तसलीच कापडं त्या ढिगात आली.

ढीग माझ्याकडे आला. इस्त्री फिरवली की खाली गाठी टोचत होत्या. मी कात्री घेतली, निदान शेपटं तरी कापावीत म्हणून. मावशी आपल्या जागेवरून, मान वर न करता म्हणाली, "राहू दे. तसंच जाऊ दे."