पावडर न टाकलेली विहीर

आजी पाणी पिण्याआधी पेल्याचा वास का घेते, असं तुम्ही फोनवर विचारलंत. ही सवय श्रीगोंद्याजवळच्या एका विहिरीपासून लागली.

दुष्काळ सरून विहिरींना नुकतंच पाणी आलं होतं. तुमचे आजोबा साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात होते. आम्ही एका मळ्यात दोन खोल्या घेऊन राहत होतो. माझ्या सासूबाई सोबत होत्या आणि तुमची आई पोटात. मळ्यातल्या विहिरीवर सगळी वस्ती पाणी भरायची. काठावर पाण्याचं इंजिन आणि त्याच्या शेजारी त्याला लागणाऱ्या क्रूड तेलाचं पिंप. पिंप तळाशी गंजलंय हे कळेपर्यंत तेल मातीत झिरपून गेलं होतं. पाण्यावर तवंग आला, भाकरीला रॉकेलसारखा वास येऊ लागला.

तालुक्याहून सॅनिटरी इन्स्पेक्टर सायकलवर आले. तपकिरीची चिमूट ओढून म्हणाले, "बुजवून टाका. दुसरी खणा."

मळ्याचे मालक, त्यांना आम्ही काका म्हणायचो, कठड्यावर मटकन बसले. "सायेब, दुष्काळात हिनंच तगवलं आमाला. हिच्यात दगुड-माती कशी घालू?"

तेव्हा मी मध्ये बोलले. मातीतले काही जंतू तेल खातात, हे मी कॉलेजात शिकले होते. तेलाने भिजलेली माती उकरून लांब पसरायची, शेणखत मिसळून ओलसर ठेवायची, खालीवर करायची. पाण्यावरचं तेल गोणपाटाने टिपायचं आणि इंजिनाने उपसलेलं पाणी पायऱ्यांवरून पुन्हा आत सोडायचं, म्हणजे जंतूंना हवा मिळते. "फक्त तुमची ब्लीचिंग पावडर टाकू नका," मी म्हटलं. "तिने ते मरतील."

"बाई, जंतू मारायचाच पगार मिळतो मला! तुम्ही म्हणता पाळा?"

"कोंबड्या पाळल्या असं समजा," सासूबाई म्हणाल्या.

ते हसले, मग गंभीर झाले. तेलासाठी त्यांच्याकडे नियमच नव्हता, म्हणून त्यांनी तिथेच केला. कोणी पाणी भरू नये म्हणून विहिरीवर बाभळीच्या फांद्या टाकायच्या, पिण्याला थेंब घ्यायचा नाही. शेणखत काठाजवळ आणायचं नाही. मुदत संक्रांतीपर्यंत. त्या दिवशी पाणी तापवायचं. वाफेला वास आला तर विहीर बुजवायची.

दसऱ्यापासून बायका पलीकडच्या मळ्यातून पाणी आणू लागल्या. "बाईच्या किड्यांपायी कंबर गेली आमची," असं माझ्या दारावरून जाताना मुद्दाम मोठ्याने म्हणत. पसरलेली माती हळूहळू भुसभुशीत झाली, तिचा वासही उतरला. पण पाण्याचं कोण सांगणार? मला रात्री झोप लागत नसे.

संक्रांतीला इन्स्पेक्टर आले. घासलेल्या पातेल्यात पाणी तापवलं. त्यांनी वाकून हुंगलं. "नाही वास."

"साहेब, तुमच्या नाकात तपकिरीचं कोठार," सासूबाई म्हणाल्या. "तुम्हाला हिंगाचा तरी वास येतो का?"

"माजं तर इंजिनाच्या धुरानं गेलं," काका म्हणाले.

सासूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हिला अजून फोडणी सोसत नाही. हिलाच हुंगू दे."

"विहीर वाचवा म्हणणाऱ्या ह्याच आणि नाकही ह्यांचंच?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

कंबर धरून उभी असलेली एक बाई फणकारली, "पोटुशीला मळमळलं तर लपतं व्हय, सायेब?"

ते त्यांना पटलं. मी वाफेवर वाकले. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. काकांनी पटक्याचा शेव डोळ्यांना लावला होता. चुलीचा धूर आला, ओल्या दगडाचा वास आला. मी थांबले, पुन्हा श्वास घेतला. पोट शांत होतं.

"काही नाही," मी म्हटलं. कंबर धरलेली तीच बाई मला येऊन बिलगली.

"आता तरी पावडर टाकू द्या," म्हणत इन्स्पेक्टरांनी पिशवी उघडली. तो दर्प नाकात गेला आणि मी बांधाकडे धावले.

"ही उलटी धरू नका, सायेब!" काका मागून ओरडत होते. "ही तुमच्या पावडरीची हाय!"

गंजलेलं पिंप तर गळती कळली त्याच आठवड्यात काढलं होतं; नवं लांब, दगडी ओट्यावर होतं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी पहिला हंडा स्वतः आमच्या दारात आणून ठेवला होता. पाण्याला पावडरीचा वास येत होता. मी नाक दाबून पेलाभर प्याले.