सांडलेला तांब्या
फिनेलचा वास आला की फुलपाड्यातली आमची भाड्याची खोली आठवते. आमचा कुत्रा तेव्हा म्हातारा झाला होता. बसल्या जागी मुतायचा आणि मग चूक कळल्यासारखा भिंतीकडे तोंड करून बसायचा. घरमालकिणीने बजावलं होतं, "पुन्हा घरात घाण झाली तर कुत्रा बाहेर, नाहीतर तुम्ही." एका दुपारी ती दारात येऊन उभी राहिली आणि नेमकी तेव्हाच त्याच्याखालून धार लादीवर पसरली. टँकर आला नव्हता, घरात पिण्याच्या पाण्याचा एकच हंडा उरला होता. तरी आईने त्यातून भरलेला तांब्या उचलला आणि हातातून निसटल्यासारखा बरोबर त्या ओलीवर पाडला. "अहो, पाण्याची बोंब आणि सांडता काय? हाताला लोणी लावलंय का?" मालकीण कडाडली. एरवी कुणाचं ऐकून न घेणारी माझी आई "सांडलं खरं माझ्याकडून" म्हणत खाली मान घालून पुसत राहिली. केवढी मोठी वाटली ती मला! परवा तिच्याच गादीवर ओल आली होती. शेजारीण तिला बघायला आत आली, तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी उशाजवळचा तांब्या गादीवर आडवा केला आणि म्हटलं, "सांडलं बघा माझ्याकडून."