धडधडणारा डबा आणि चेअरमनबाईंचं दूध

ये गं, सरक अशी जवळ. उंबऱ्यावर कशाला टेकलीस पाहुणीसारखी? वर्षा-वर्षानं तोंड दाखवायचं, आल्या आल्या बसची वेळ विचारायची, आणि वर म्हणायचं, ‘काकू, तुमच्या व्हॅनला लोक लोण्याची गाडी कावून म्हणतात?’ गावातल्या शेंबड्या पोराला माहीत आहे, आणि माझ्या सख्ख्या पुतणीला नाही! लाज वाटू दे जरा. ऐक आता.

आमच्या महिला दूध संस्थेत भेसळ पकडायचा नियम मी केला, आणि त्या नियमात चेअरमनसुद्धा सापडते, हे सिद्धही मीच केलं.

तुझे काका एसटीवर ड्रायव्हर. रिटायर झाले तेव्हा डावा कान इंजिनाला देऊन आले. उजवा कान माझ्या वाट्याला आला, पण तो ते वापरत नाहीत. फंडाच्या पैशातून त्यांनी ही जुनी व्हॅन घेतली. त्यातच दुष्काळ पडला. असा दुष्काळ, की विहिरीतलं कासव चालत फिरायचं! म्हशींचं दूध आटलं. दूध न्यायला येणारा टेंपोवाला म्हणाला, “दोन अर्ध्या कॅनासाठी येऊ व्हय? डिझेल काय म्हशी देतात का?” आणि त्यानं येणंच बंद केलं. मग सगळ्या गावाचं दूध आमच्या व्हॅनमधून नेकनूरच्या केंद्रावर जायला लागलं. मी चेअरमन, हे ड्रायव्हर. (घरातही तेच आहे, पण ते राहू दे.)

यांचं एकच दुःख. गाडीतल्या टेपवर गवळणी लावायच्या, आणि ऐकू काही यायचं नाही. एक दिवस मुकाट्यानं बीडला गेले आणि संध्याकाळी व्हॅन हंबरत हंबरत दारात आली. आमची म्हैस उठून उभी राहिली!

“हे काय आणलंत?”

“वूफर!”

“कोन?”

“वूफर गं, सतीशची आई! दारातले जुने स्पीकर काढले, मोठे टाकले, आन् मागं ह्यो डबा. दुकानदार म्हनला, काका, ह्याचा आवाज कानानं न्हाई, बरगड्यांनी ऐकायचा. बरगड्या तर माज्या शाबूत हायेत!”

मागे बघते तर शेळी मावेल एवढी काळी पेटी, तिच्या तोंडाला परातीएवढं गोल. मी भांडायला पदर खोचला. तेवढ्यात यांनी गवळण लावली. पखवाजाची पहिली थाप पडली आणि यांनी छातीवर हात ठेवला. असे हसले बघ, जसे पहिल्यांदा एसटीचं स्टेअरिंग हातात आल्यावर हसले असतील. मी खोचलेला पदर सोडला. (लक्षात ठेव, असं वारंवार होत नाही.)

आता अडचण अशी, की पेटी बसली ती नेमकी कॅनांच्या जागेवर. हे म्हणाले, “सकाळपुरता डबा उतरवून ठिवू का?”

“कशाला? वरून सपाट हाय की. कॅन त्याच्यावरच ठिवू.”

“दुकानदार म्हनला, वर वजन ठिवू नका.”

“त्यानं कवा दूध वाहिलंय का?” मी म्हणाले. चेअरमन झाल्यापासून मला सगळंच कळायला लागलं होतं.

संस्थेचा आणखी एक नियम होता (तोही माझाच!): दुधासोबत रोज एक सभासद जायची, वाटेत कुणी झाकण उघडू नये म्हणून. त्या दिवशी पाळी नेमकी कांताची. ही कांता म्हणजे आमच्या मागच्या आळीची. महिन्याभरापूर्वी तिचं दूध पातळ लागलं, म्हणून मी ते पंधरा दिवस बंद ठेवलं होतं. वर भर सभेत प्रामाणिकपणावर भाषण ठोकलं होतं. दूध बंद झाल्याचं ती विसरली असती, पण भाषण काही विसरली नाही.

सकाळची थंडी. मागे पेटीवर दोन अर्ध्या कॅन, त्या धरून कांता. गाव सुटलं नाही तोच तिचं सुरू झालं.

“चेअरमनबाई, तुमची म्हस लई तुकतुकीत हाय वो. टँकरचं पानी आदी तिलाच दाखवत्यात का काय?”

चेअरमननं सभासदाशी वाटेत भांडू नये. मी फक्त गाण्याचा आवाज थोडा वाढवला.

ती ओरडून बोलायला लागली. मी आणखी वाढवला. ती किंचाळायला लागली. मी बटण शेवटपर्यंत फिरवलं! व्हॅनच्या काचा थरथरायला लागल्या, माझी कवळी वाजायला लागली, तुझे काका स्टेअरिंगवर ताल धरून इतके रमले की एक खड्डा म्हणून चुकवला नाही. मागे कांता हातवारे करत होती. मी आरशातून बघितलं आणि मनात म्हटलं, कर किती आदळआपट करायची ती.

नंतर कळलं, ती बिचारी सांगत होती, “अवो बाई, कॅन नाचायल्यात!”

केंद्रावर तपासणी करणाऱ्या पोरानं पळीनं दूध घेतलं, मशीनला लावलं, माझ्याकडं बघितलं, परत लावलं.

“चेअरमनबाई, फॅट लागंना.”

“नीट बग की.”

“दोनदा बगितलं. पानी घातलंय का मलई काढलीय, ते तुमीच सांगा.”

चार गावची माणसं रांगेत उभी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“पानी? आरं लेकरा, आमच्याकडं टँकर आठ दिसाला येतो. पानी असतं तर मी दुधात कावून घातलं असतं? अंगोळ न्हाई का केली असती!”

रांग हसली. पण पोरगा हसला नाही. “मग मलई कुटं गेली?”

मी कांताकडं वळले. “तू सांग कांता, वाटेत झाकन उगडलं का कुनी?”

कांतानं पदर सारखा केला. किती सावकाश केला म्हणून सांगू! म्हणाली, “वाटंत न्हाई बा उगडलं कुनी. घरून निगायच्या आदीचं मला कसं ठावं असंल?”

संपलं! माझी खुर्ची गेली, अब्रू गेली, प्रामाणिकपणावरचं भाषण तर केव्हाच गेलं. पोरानं दूध परत करायला कॅन पातेल्यात रिकामी केली. आधी पातळ धार आली, मग काहीतरी अडकलं, आणि भद्दकन खाली पडलं.

लोण्याचा गोळा. नारळाएवढा!

पोरानं बोट लावलं, चाखलं. “बाई, हे दूध न्हाई. ताक हाय.”

“आन् घुसळलं कुनी?” रांगेतलं कुणीतरी म्हणालं.

तेवढ्यात मागून आवाज आला. ठण ठण, ठण ठण! तुझ्या काकांना एकट्याला कंटाळा आला होता. त्यांनी गवळण परत लावली होती, आणि पेटीवर राहिलेली दोन झाकणं फुगडी घालत होती. सगळी रांग व्हॅनकडं बघायला लागली. काकांना वाटलं, लोकांना गाणं आवडलं. त्यांनी आवाज वाढवला.

अर्धं खड्ड्यांनी आणि अर्धं पेटीनं घुसळलं, हे सगळ्यांना पटलं. चोरीचा आळ गेला, पण सगळ्या गावाचं दूध गेलं ते गेलंच. संध्याकाळी सभा भरली. कांता उभी राहिली.

“चेअरमनबाई, तुमचंच बोलनं हाय. दूध कशानं बिगडलं ते संस्था इचारत न्हाई, बिगडलं का तेवढंच बगती. नेम म्हंजे नेम.”

माझ्या विरुद्धचा ठराव, त्याला पहिला हात मीच वर केला. लोणी घरोघर वाटलं आणि आमच्या म्हशीचं दूध पंधरा दिवस बंद झालं. तुझ्या काकांना हे सगळं समजावून सांगितलं, तर म्हणाले, “मग मलईदार गानं हाय म्हन की!”

रोजचं दूध घरात ठेवून करायचं काय? विरजण लावत बसले. तिसऱ्या दिवशी दारात कांता, काखेत दह्याची कॅन.

“काय गं, आता काय राहिलं?”

“काय न्हाई. रवी वडून वडून दंडाला गोळे आलेत वो. काकांना म्हना, नेकनूरपतूर एक फेरी मारा की.”

ती गेली आणि दुसऱ्या दिवशी सहा जणी आल्या! माझ्या चेअरमनकीत संस्थेनं नवीन काम असं तेवढं एकच केलं, आणि त्याचंही श्रेय लोक पेटीला देतात.

निघालीस? बरं, पण आता वर्ष लावू नकोस. लवकर ये. आपला रस्ता डांबरी करायचा मंजूर झालाय म्हणतात. तो एकदा गुळगुळीत झाला, की तुला पाजायला ताक मला हातानं करावं लागेल, आणि खरं सांगू? चेअरमन झाल्यापासून मला ते येत नाही.