सिस्टर, माझा ससा!

आमच्या कॅनडातल्या एडमंटनच्या आयसोलेशन वॉर्डातून साधा रुमालसुद्धा तपासल्याशिवाय बाहेर पडत नाही. किस्से मात्र बिनमास्क सुटतात! माझ्या पोटात राहत नाहीत, काय करू?

मी वसईची फिलोमिना, इथे नर्स आहे. आपल्याकडे नर्स म्हणजे सिस्टर. इकडे सिस्टर म्हणजे नन! पहिल्याच आठवड्यात सवयीने फोनवर म्हटलं, "सिस्टर फिलोमिना बोलतेय." फार्मसीतला माणूस एकदम हळू आवाजात म्हणाला, "सिस्टर, माझ्यासाठी प्रार्थना करा."

"करते रे बाबा, आधी अँटिबायोटिक पाठव!"

*

फ्लू झालेले पुण्याचे एक काका दिवसभर "सिस्टर, सिस्टर" असे ओरडायचे. नव्या क्लार्क मुलीने मला दारातच अडवलं. "व्हिजिटरला दिवसातून एकदाच. बहीण असलीस तरी!" मी गाऊन, मास्क चढवून उभी, आणि ही मला नियम शिकवतेय!

*

मग आल्या नव्वदीच्या एनिडबाई, जन्म इंग्लंडचा. आल्याआल्या हाक, "सिस्टर!" मी खूश! तिकडेही वॉर्डच्या मोठ्या नर्सला सिस्टरच म्हणतात.

लहानपणी, दुसरं महायुद्ध चालू असताना, स्कार्लेट फीव्हर झाला म्हणून बाईंना गावच्या तापाच्या हॉस्पिटलात ठेवलं होतं. आईबाबांनी फक्त काचेतून बघायचं. कोण कसं आहे ते पेपरात छापून यायचं, नावाऐवजी नंबराने. बाबांनी नंबरच चुकीचा वाचला! "मी तापाने फणफणलेली, आणि बाबा रेशनची साखर संपवून गल्लीला चहा पाजतायत, पोरगी बरी झाली म्हणून!"

हसता हसता बाईंचा हात उशीखाली गेला. घरी सोडताना तिथल्या सिस्टरने त्यांचा लोकरीचा ससा काढून घेतला. "धुऊन देते," म्हणाली. आणि जाळून टाकला.

आत्ताही त्यांच्या उशीखाली एक निळा लोकरीचा ससा होता, स्वतः विणलेला.

*

आणि नेमकं त्याच्यावर सूप सांडलं! बाईंना जुलाबाचं इन्फेक्शन, ससा धुवायलाच हवा. पण बाई सोडतील तर शप्पथ. "सगळ्या सिस्टर धुऊन देते असंच म्हणतात."

मी गळ्यातला बॅज काढून त्यांच्या हातात ठेवला. "ससा येईपर्यंत हा तुमच्याकडे."

बॅजशिवाय आमचं एकही दार उघडत नाही. वॉशरूमला जायचं तरी सिक्युरिटीवाल्याला हाक! तो वैतागला, "बॅज कुठाय तुझा?"

"सशाच्या बदल्यात ओलीस ठेवलाय!"

दुसऱ्या दिवशी ससा आला. स्वच्छ, पण एक कान आटलेला. बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला, गालाशी धरला, आणि माझा बॅज परत दिला.

"काय हो सिस्टर, ऐंशी वर्षं लावलीत!"