भाजी विचारून टोचलेली सुई

झुलालनानाच्या औषधाची बाटली घरात कुठे ठेवलेली असते, हे दोनच माणसांना ठाऊक होतं. एक त्याची बायको ताईबाई आणि दुसरी जळगावहून जीप घेऊन येणारी कुंदा सिस्टर. ज्याच्या पोटात ते इन्सुलिन रोज सकाळ-संध्याकाळ जायचं, त्या झुलालनानाने मात्र कधी विचारलं नव्हतं.

त्याने उभी हयात कापसाच्या गाड्या धरणगावच्या जिनिंगवर नेण्यात घालवली होती. गावात कुणाचा बैल मारका असला आणि ढोरांचा डॉक्टर आला, की लोक झुलालनानाला हाक मारायचे. तो शिंगं धरून उभा राहिला की बैल गुमान सुई टोचून घ्यायचा. पण स्वतःच्या अंगाला सुई लागणार म्हटलं की हाच गडी घामाघूम व्हायचा.

पायाची जखम भरेना म्हणून जळगावला दाखवलं, तेव्हा साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, आता गोळ्यांनी भागायचं नाही, दोन वेळा इन्सुलिन टोचावं लागेल. गावात रोज दोनदा टोचणार कोण? त्याच सुमारास जळगावच्या एका धर्मादाय दवाखान्याची जीप महिन्याच्या पहिल्या गुरुवारी गावात येऊ लागली होती. शाळेजवळच्या निंबाखाली ती थांबायची. कुंदा सिस्टर सतरंजी अंथरायची, भिंतीला चित्रं लावायची आणि साखरेच्या रोग्यांना व त्यांच्या घरच्यांना सुई कशी भरायची, कशी टोचायची, काय खायचं, पायांना कसं जपायचं ते शिकवायची. गाव त्या जीपला ‘सुईची गाडी’ म्हणायचं.

सुई टोचायला सिस्टर भरताचं वांगं आणायची, पांढुरकं हिरवं, फुगीर. सुरुवातीला सगळ्यांनी त्या वांग्यातच पाणी टोचायचं.

‘‘सिस्टर आज भरीत करतील,’’ मागून कुणीतरी म्हणालं.

‘‘करीन की. आधी तुम्हाला नीट टोचता येऊ द्या,’’ सिस्टर म्हणाली.

ताईबाई एका बैठकीत शिकली. झुलालनाना जीपच्या पलीकडच्या बाजूला ड्रायव्हरशी टायरबद्दल बोलत उभा होता.

तेव्हापासून ताईबाईचा नेम ठरला. सकाळी ती चुलीवर डब्यात काचेची सिरिंज उकळायची. पाण्याच्या डेऱ्यामागे ओल्या वाळूत एक लहानसं मडकं पुरलेलं होतं. गावात फ्रिज दोनच घरी होते आणि दुसऱ्याच्या दारात रोज कशाला जायचं, म्हणून सिस्टरने ही युक्ती सांगितली होती. मडक्यातून बाटली काढायची, औषध भरायचं आणि झुलालनानापुढे येऊन बसायचं. झुलालनाना सदरा वर करायचा आणि तोंड भिंतीकडे वळवायचा.

‘‘भिंतकडे काय दखतस? तठे काय सिनेमा चालू शे?’’

मग ती विचारायची, ‘‘आज कसानी भाजी करू?’’

तो विचार करायचा. गिलकी आहेत, वांगी आहेत, काल डाळ झाली. ‘‘गिलकानी कर,’’ असं तो म्हणेपर्यंत ताईबाई सिरिंज घेऊन उठलेली असायची. सुई कधी आत गेली आणि कधी बाहेर आली, ते त्याला कळलेलं नसायचं. संध्याकाळी पुन्हा तेच. उत्तर बहुतेक वेळा वांग्याचंच असायचं, तरी ती विचारायची.

ताईबाई माघात गेली. सकाळी अंगण झाडता झाडता छातीला हात लावून खाली बसली आणि उठलीच नाही. मुलगा लीलाधर सुरतेहून येईपर्यंत अंगणात लोक जमले होते. त्या दिवशी झुलालनानाला कुणी सुई दिली नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. घरात बायको गेलेली, आणि आपण ‘माझी सुई’ म्हणून बसायचं, या विचाराचीच त्याला लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी राख सावडून माणसं परतली, तेव्हा त्याच्या घशाला कोरड पडली होती. तांब्यामागून तांब्या पाणी पिऊनही तहान जाईना. तो आत आला आणि पाण्याच्या जागेसमोर उभा राहिला. डेरा नव्हता. वाळूही झाडून नेलेली होती.

‘‘आठला डेरा कथा गया?’’ त्याने शेजारच्या भिकुबाईला विचारलं.

‘‘बठ्ठी मडकी टाकी दिन्ही, नाना. सुतकनी मडकी कोणी घरमा ठेवस का?’’

तिचं चुकलं नव्हतं. माणूस गेलं की घरातली मातीची भांडी बाहेर जातात, ही रीतच आहे. बायकांनी डेरा, माठ, दह्याची गाडगी सगळं उकिरड्यापलीकडे नेऊन फोडलं होतं. त्यातच वाळूतलं लहान मडकंही गेलं. औषध कुठे असतं ते त्याला ठाऊक नव्हतं, पण ताईबाई सुई भरून याच कोपऱ्यातून यायची, त्यामुळे काय झालं ते त्या मोकळ्या जागेकडे बघून त्याला उमगलं. चार माणसं दुःखाला आलेली असताना बाटलीची गोष्ट कशी काढायची?

पुढच्या दोन-तीन दिवसांत तो ओकायला लागला, श्वास जोरात चालू लागला, बोलणं असंबद्ध झालं. लीलाधरने जीप करून त्याला जळगावला नेलं. ताईबाईचा दहावा झाला तेव्हा तिचा नवरा दवाखान्यात सलाइन लावून पडला होता. कावळा शिवला की नाही, हे त्याला पुढे लोकांकडून कळलं. शिवला होता, लवकर शिवला होता.

घरी आल्यावर लीलाधरने विषय काढला.

‘‘आबा, आता माझ्याकडे चला. तुमच्या सुनेला सुई शिकवतो.’’

‘‘तुझी खोली एक. पोरं दोन.’’

‘‘होईल कसंतरी.’’

लीलाधर मनापासून बोलत होता, आणि त्यामुळेच उत्तर देणं अवघड होतं. झुलालनाना एकदा सुरतेत, उधन्याला त्याच्याकडे महिनाभर राहून आला होता. लूमचा खडखडाट, चाळीचा जिना, आणि त्या जिन्याच्या पायरीवर दिवसभर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी पाय आवरणारा तो. इथे निदान स्वतःच्या ओट्यावर बसता येत होतं. ताईबाईने सारवलेल्या भिंती होत्या. तिच्या बोटांचे अर्धगोल अजून दिसत होते.

शेवटी अक्षय्य तृतीयेची मुदत घालून लीलाधर म्हणाला, ‘‘आखाजीला येतो. तोवर स्वतः टोचायला शिकलात तर राहा. नाही जमलं तर माझ्यासोबत गाडीत बसायचं. मग ऐकणार नाही.’’

तोवर भिकुबाईचा मुलगा भटू सुई देईल असं ठरलं. तो धरणगावला एका डॉक्टरकडे कंपाउंडर होता. पण त्याला धुळ्याला चांगली जागा मिळाली होती आणि आखाजीनंतर तो जाणार होता. भटू घाईचा माणूस. सायकल ओट्याला टेकवायची, खसकन टोचायचं, ‘‘नाना, निघतो’’ म्हणायचं आणि पॅडल मारायचं. भाजीबिजी विचारायला त्याला वेळ नव्हता. झुलालनाना भिंतीकडे तोंड करायचा आणि सुई पूर्ण जाणवायची.

फाल्गुनात सुईची गाडी आली, तेव्हा झुलालनाना पहिल्यांदा सतरंजीवर जाऊन बसला. कुंदा सिस्टरने ताईबाईबद्दल ऐकलं होतं. तिने त्याच्या हातात वांगं दिलं.

वांग्याला त्याने अशी सफाईदार सुई टोचली की शेजारचा पुना म्हणाला, ‘‘नाना, ढोरांचे डॉक्टर व्हा.’’ औषधही त्याने बरोबर भरलं, बुडबुडा काढला. पण सदरा वर करून सुई पोटाजवळ नेली आणि मान आपोआप वळली.

‘‘नाना, तोंड तिकडे, सुई इकडे. टोचणार कोण?’’

लोक हसले. त्याने पुन्हा सुई धरली, मान पुन्हा वळली.

‘‘वहिनी काय करायच्या?’’ सिस्टरने हळूच विचारलं.

त्याने सांगितलं. सिस्टरला वाटलं, आपणही तसंच करून बघावं. तिने सहज म्हटलं, ‘‘बरं नाना, आज भाजी कसली करणार?’’

झुलालनानाने सिरिंज डब्यात ठेवली. ‘‘ते तुम्ही नका विचारू,’’ तो म्हणाला आणि उठून घरी गेला. त्या संध्याकाळची सुईही भटूनेच दिली.

चैत्रात एक दिवस भटू आलाच नाही. धुळ्याला खोली बघायला गेला होता आणि निरोप द्यायचा विसरला होता. ऊन ओट्यावर आलं तरी झुलालनाना वाट बघत होता. मग तो उठला. सिरिंज उकळली. नव्या मडक्यातून बाटली काढली. हे मडकं त्याने स्वतः कुंभाराकडून आणून वाळूत पुरलं होतं. भिंतीकडे पाठ करून बसला, म्हणजे वळायला भिंतच नको. दात आवळले आणि मारक्या बैलाकडे बघावं तसं स्वतःच्या पोटाकडे बघितलं. सुई गेली. एवढीशी तर होती.

त्याला कुणाला तरी सांगावंसं वाटलं. तो ओट्यावर येऊन बसला. गल्लीत कुणी नव्हतं, माणसं शेतात गेली होती. जमलं याचा आनंद होता, आणि जमलं म्हणजे आता तिच्याशिवायही जमतं, हेही त्यातच होतं. तो बसून राहिला. चुलीवर सिरिंजच्या डब्याखेरीज काही चढलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने हातांना कंप सुटला. पाठीवरून घाम निथळू लागला. समोरची भिंत हलायला लागली. त्याला वाटलं, आता आपणही जाणार, अंगणातच, तिच्यासारखे. भिकुबाई कापसाच्या काड्या घेऊन येत होती. तिने त्याचा चेहरा बघितला, मोळी टाकली आणि घरातून गुळाचा खडा आणून त्याच्या तोंडात कोंबला.

‘‘काही खादं का सकायपाईन?’’

त्याने मान हलवली. खाल्लं नव्हतं.

ही गोष्ट गावभर झाली आणि सुरतेलाही पोचली. लीलाधरचा निरोप आला, सामान बांधून ठेवा.

आखाजीच्या आधीच्या गुरुवारी जीप आली. झुलालनाना निंबाखाली सगळ्यांच्या मागे बसला. माणसं पांगल्यावर सिस्टर त्याच्याजवळ आली.

‘‘सुई तर बरोबर दिली तुम्ही. मग चुकलं काय?’’

‘‘जेवण ऱ्हायनं.’’

‘‘सुई टोचली की अर्ध्या तासात पोटात अन्न जायला हवं. औषध साखर उतरवत जातं, ते जेवणासाठी थांबत नाही. हे मी वहिनींना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, मग मी आधी भाजी ठरवीन आणि मग टोचीन, म्हणजे विसरायचंच नाही.’’

‘‘मला वाटे, मन्ह मन रमाडाले विचारस.’’

‘‘तेही असेल,’’ सिस्टर म्हणाली. ‘‘चूक माझीही झाली, नाना. त्यांना शिकवलं आणि तुम्हाला ड्रायव्हरशी गप्पा मारू दिल्या.’’

जाताना तिने त्याला वांगं दिलं. टोचलेलं नव्हतं, ताजं होतं.

आखाजीला लीलाधर, त्याची बायको मंदाबाई आणि पोरं आली. वर्षाच्या आत गेलेल्या माणसासाठी घागर भरायची असते. झुलालनानाने कुंभाराकडून मातीची घागर आणली, पाण्याने भरली, तिच्यावर खरबूज ठेवलं. मंदाबाईने खापरावर पुरणपोळ्या केल्या, आंब्याचा रस काढला. भाताला उकळी येईपर्यंत लीलाधर बापाच्या मागेमागे होता.

‘‘आबा, सुई घेतली का? उशीर होतोय. मी बोलवू का भटूला?’’

‘‘थांब.’’

‘‘तुम्ही पुन्हा विसराल.’’

‘‘अजून आगारी पडली नाही. ती पडल्याशिवाय ताट वाढता येणार नाही. ताट कधी वाढणार ते कळल्याशिवाय सुई कशी घेऊ?’’

आगारी म्हणून पूर्वजांचा घास निखाऱ्यावर पडला. तूप चरचरलं. झुलालनानाने हात धुतले, मंदाबाईला विचारलं, ‘‘पोळ्या झाल्या ना सगळ्या?’’ आणि तो पाण्याच्या जागेकडे गेला. मडक्यातून बाटली काढली. लीलाधर समोर बसला होता. सुई पोटाला लागली तेव्हा लीलाधरने तोंड भिंतीकडे वळवलं. अगदी बापासारखं. झुलालनानाने ते बघितलं.

जेवताना त्याने एकच पोळी घेतली आणि रसाची वाटी मंदाबाईकडे सरकवली.

संध्याकाळच्या एसटीने ती सगळी निघाली. लीलाधरने सामानाच्या पिशव्या उचलल्या. त्यात बापाची पिशवी नव्हती.

‘‘दर महिन्याला येतो,’’ तो म्हणाला.

‘‘सवडीने ये.’’

‘‘गुळाचा खडा खिशात ठेवा.’’

झुलालनानाने खिसा चाचपून दाखवला. पोरांनी खिडकीतून हात हलवले. धूळ बसेपर्यंत तो फाट्यावर थांबला. भटूही त्याच गाडीत होता, धुळ्याला जायला वाटेत गाडी बदलणार होता.

घरी आला तेव्हा घर तसंच होतं, जसं ठेवण्यासाठी तो दोन-अडीच महिने झटला होता. घागरीवरचं खरबूज दिव्याच्या उजेडात पिवळं दिसत होतं. मंदाबाईने संध्याकाळचं झाकून ठेवलं होतं, भाकरी आणि आमटी. आज भाजी कसली, असं विचारायलाही काही उरलं नव्हतं. त्याने झाकण काढून बघितलं, ताट जवळ ओढून ठेवलं, सिरिंज उकळली आणि सुई घेतली. मानेला वळायची इच्छा झाली, पण त्याने तिला वळू दिलं नाही.

बाटली मडक्यात गेली. वाळूवर त्याने ओंजळभर पाणी शिंपडलं. मग तो जागेवर येऊन बसला, आणि काम सगळं झाल्यावर, थोडा वेळ, भिंतीकडे तोंड करून राहिला. सारवणातले अर्धगोल अजून दिसत होते.

‘‘वांगानी,’’ तो म्हणाला. ‘‘सकाळी वांगानी करसु.’’

मग तो वळला आणि त्याने भाकरी मोडली.