सात नंबरची बाटली

सुमन कांबळे बाईंनी मला नववीत शून्य मार्क दिला, म्हणून मी पदवीधर झालो.

वाक्य उलटं वाटेल, पण खरं आहे. पेठ वडगावच्या शाळेत बाई आम्हाला विज्ञान शिकवायच्या. पाणी किती अंशांना उकळतं, हा प्रयोग होता. पुस्तकात शंभर लिहिलं होतं, म्हणून स्टोव्ह पेटायच्या आधीच मी प्रयोगवहीत शंभर लिहून, खाली दुहेरी रेघ मारून मोकळा झालो. प्रत्यक्षात पारा अठ्ठ्याण्णवच्या आसपास थांबला आणि तिथून हलेना. बाईंनी माझी वही बघितली.

"संजय, तू पाणी बघितलंस की पुस्तक?"

एवढंच विचारलं आणि लाल शाईनं एक वाटोळं शून्य काढलं. शाळा सुटल्यावर मला थांबवून घेतलं आणि आपलं गाव समुद्रापासून उंचावर असल्यामुळं पाणी जरा लवकर उकळतं, हे नीट समजावून सांगितलं. (तोपर्यंत आमचं गाव कशातही उंच आहे, हे मला माहीत नव्हतं.) पुढं बारावीनंतर वडील मला गुळाच्या अडतीत कामाला लावायला निघाले, तेव्हा घरी येऊन त्यांना थांबवलं ते बाईंनीच. कोल्हापूरच्या कॉलेजचा फॉर्म भरला बाईंनी, सोबत आल्या बाई, आणि एसटीत खिडकीची जागा दिली ती मला. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. बीएस्सी, रसायनशास्त्र. विषय पुढं लागणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

आता मी कोल्हापूरच्या कडेला राहतो. जिथं महापालिकेची हद्द संपते आणि ग्रामपंचायतीची सुरू व्हायला लाजते, अशा जागी आमची वीस घरांची कॉलनी आहे. ड्रेनेजची लाइन 'येणार' आहे. ती येईपर्यंत प्रत्येक घराच्या एका अंगाला बोअर, दुसऱ्या अंगाला सेप्टिक टँक आणि मधल्या जागेत आम्ही. कॉलनीनं मला सेक्रेटरी केलं, कारण मी शिकलेला होतो. (म्हणजे सभेला वेळेवर जाणारा मी एकटाच होतो.)

गेल्या वर्षी तीन घरांत कावीळ झाली. समोरच्या पाटील मामांची नात सिद्धी, आठ वर्षांची, तीन आठवडे अंथरुणाला खिळली होती. गल्लीभर सायकल पिदडणारी पोर खिडकीत नुसती बसून राहायची. ते बघून मी ठरवलं, की वर्षातून दोनदा सगळ्यांच्या बोअरचं पाणी तपासायचं, एकदा सगळ्या टाक्या उघडून बघायच्या आणि त्यासाठी प्रत्येक घरानं वर्गणी द्यायची. वर्गणी एका रविवारच्या मटणापेक्षा कमी होती.

सभेत मी हे मटणाचं उदाहरण दिलं आणि तिथंच चुकलो. पुढची वीस मिनिटं मटण कुठलं चांगलं यावर गेली.

मग पाटील मामा उठले. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांची नोकरी झालेली, त्यामुळं ते बोलायला लागले की समोरच्याला आपलं वजन कमी भरतंय असं वाटतं. मामांचं म्हणणं असं, की सिद्धीची कावीळ गाड्यावरच्या पाणीपुरीची होती, बोअरचा त्यात काही संबंध नव्हता. आणि टाकीचं म्हणाल तर, "आमची टाकी बारा वर्षांत एकदा भरली न्हाय. सिमेंटचं काम हाय आमचं."

मी नम्रपणे म्हणालो, "मामा, बारा वर्षं भरली नाही, म्हणजे ते सगळं जातंय कुठं?"

आमच्याकडं टाकी न भरणं ही घराची प्रतिष्ठा असते. घर दाखवताना माणसं ते गच्चीच्या आधी सांगतात. कुणीतरी मागून म्हणालं, आमच्या टाकीत वाकून बघायचा अधिकार बाहेरच्याला कुणी दिला. दुसऱ्यानं टाकी म्हणजे घरातली गोष्ट आहे, असं सांगितलं. शेवटी तोड निघाली ती मामांचीच. आधी एकदा पाणी तपासून आणा. वाईट निघालं तर वर्गणी, चांगलं निघालं तर सेक्रेटरीनं हा विषय पुन्हा काढायचा नाही.

मी आनंदानं मान्य केलं. प्रयोगशाळेतून निर्जंतुक बाटल्या आणल्या, घरोघरी वाटल्या आणि सांगितलं, की नळ दोन मिनिटं वाहू द्या, मग भरा, रविवारी दुपारी मी न्यायला येतो. आणि जाता जाता, उत्साहाच्या भरात, एक वाक्य जास्तीचं बोललो: "निकाल सभेत घरवार जाहीर वाचून दाखवू."

निकाल! जाहीर! घरवार! हे तीन शब्द एकत्र उच्चारल्यावर आमच्या भागात काय होतं, हे दहावी-बारावीचे निकाल बघत वाढलेल्या माणसाला तरी कळायला हवं होतं.

रविवारी पहाटे आई वडगावला मावशीकडं म्हणून गेली आणि दुपारी परत आली. सात नंबरची, म्हणजे आमची, बाटली पदराखालून काढून तिनं माझ्या हातात दिली. तोंडावर असं समाधान, जसं माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशी होतं. मी म्हणालो, छान. वीस बाटल्या घेतल्या आणि गेलो.

रिपोर्टचं पाकीट आलं, ते मी उघडलंसुद्धा नाही. पारदर्शक कारभार! सभेत सर्वांसमोर फोडलं आणि खड्या आवाजात वाचायला लागलो. एक नंबर, पिण्यास योग्य. दोन नंबर, पिण्यास योग्य. तीन, चार, पाच, सहा, योग्य. माझा आवाज उतरत चालला, मामांची मान वर चढत चालली. सात नंबरला मी थांबलो.

"वाचा की सेक्रेटरी," मामा म्हणाले. "चष्मा देऊ का माझा?"

सात नंबर, पिण्यास अयोग्य. जंतू आढळले.

आठपासून वीसपर्यंत पुन्हा सगळे योग्य. पुढचं मला सांगायला लाज वाटते, पण बाईंचा विद्यार्थी आहे, सांगतो. त्या एकोणीस रिपोर्टांत क्षारांचा आकडा सारखाच होता. तंतोतंत सारखा आणि इतका कमी, की आमच्या बोअरच्या पाण्यानं जिथं बादलीला आठवड्यात पांढरी पुटं चढतात, तिथं तो येणंच शक्य नव्हतं. मी, बीएस्सी रसायनशास्त्र, तो आकडा बघून काय म्हणालो? "एका गोष्टीचं समाधान आहे. आपल्या कॉलनीत एकी आहे."

सभेनं टाळ्या वाजवल्या आणि ठराव केला. वर्गणी कुणी द्यायची नाही. फक्त सेक्रेटरीची टाकी उघडायची, खर्च सेक्रेटरीचा, बघायला सगळे येणार.

तो आठवडा कठीण गेला. लोक आमच्याकडं चहा नको म्हणू लागले. कोल्हापुरात चहा नको म्हणणं म्हणजे काय, ते बाहेरच्यांना कळणार नाही. सिद्धी आमच्या अंगणात खेळायला यायची, तिला मामांनी हाक मारून परत बोलावलं. ते मला लागलं. आई मात्र त्या आठवड्यात जेवताना माझ्याकडं बघत नव्हती. मला वाटलं, मुलाची नाचक्की झाली म्हणून तिला वाईट वाटतंय.

पुढच्या रविवारी टाकी उपसायची गाडी आली. लोकांनी आपापल्या खुर्च्या आणल्या होत्या. टाकीचं झाकण आईच्या शेवंतीच्या कुंड्यांखाली होतं. दोन कामगारांनी कुंड्या बाजूला केल्या, पहार झाकणाच्या कडीत घातली, आणि आई मधे येऊन उभी राहिली.

"आरं, टाकीचा काय दोष न्हाय त्यात. ते पाणी हितलं न्हायच."

"मग कुठलं?"

"आपल्या हिरीचं."

आमच्या वडगावच्या मळ्यात विहीर आहे. तिच्यासारखं गोड पाणी पंचक्रोशीत नाही, यावर आमच्या घरात मतभेद नाही. पोराच्या घराचा निकाल चारचौघांत वाचणार, तर पाणीही घराण्यातलं सगळ्यात चांगलं पाहिजे, म्हणून आई पहाटेच्या एसटीनं जाऊन ते भरून घेऊन आली होती. मी बायकोकडं बघितलं. ती म्हणाली, तिला हे माहीत होतं, पण तिला वाटलं मीच पाठवलंय.

"म्हंजे काकींनी कॉपी केली," मामा म्हणाले आणि मांडीवर हात मारून हसले. "कॉपी करून नापास! हे पयल्यांदाच बघतोय."

सगळे हसले. हसल्या नाहीत त्या फक्त पाटील मामी. त्या मामांच्या मागं उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या,

"आवो, आपण तरी कुठलं भरलंय?"

"कुठलं?"

"जारचं."

मामांची मांडीवरची थाप हवेतच राहिली. मामी जरा घाबरल्या, पण बोलल्या. बाहेरच्या माणसाला, तेही तपासणाऱ्या साहेबाला, बोअरचं पाणी कसं द्यायचं? पावण्याला आम्ही जारचंच देतो.

मग अठरा नंबरच्या वहिनी म्हणाल्या, आम्हीपण. मग चार नंबर. मग एकेक करत सगळी कॉलनी. जारवाला एकच, जार एकाच गाडीतले, म्हणून तर ती एकी! प्रयोगशाळेनं एकोणीस वेळा जारवाल्याचं पाणी तपासलं होतं आणि एकदा आमच्या मळ्यातल्या विहिरीचं. आमच्या कॉलनीचा एक थेंबसुद्धा तिथं पोचला नव्हता.

मामांनी मामींना विचारलं, "आणि घरात आपण काय पितो?"

"बोअरचं. जार पावण्यांसाठी असतोय की."

"सिद्धी?"

"तीबी."

सिद्धी आमच्या कठड्यावर बसून पाय हलवत होती, मामा तिच्याकडं बघत राहिले. वजनकाट्यावरचा माणूस, खोटं वजन कळायला त्याला वेळ लागत नाही. माझ्या हातातली वही त्यांनी घेतली, वर्गणीच्या कोऱ्या यादीत पहिलं नाव स्वतःचं घातलं आणि म्हणाले, "बाटल्या परत आणा, सेक्रेटरी. ह्या वेळेला नळाखाली मी धरणार. घरात शिरून धरणार."

गाडीचे कामगार विचारत होते, झाकण उघडायचं की नाही. मामा म्हणाले, आता आलेच आहात तर उघडा. उघडलं. टाकी जवळजवळ रिकामी होती. क्षणभर मला अभिमान वाटला. मग कामगारानं बॅटरी मारून दाखवलं, की तळाला तडा गेलाय आणि सगळं बारा पावलांवरच्या आमच्या बोअरच्या दिशेनं निघून जातंय.

त्यानंतर पंधरा दिवसांनी बाईंना पत्र लिहिलं. बाई आता जयसिंगपूरला असतात. माझा भाऊ बाजाराला तिकडं निघाला होता, त्याच्याबरोबर पाठवलं. त्याची नक्कल माझ्याजवळ आहे, ती अशी:

"आदरणीय बाई,

सविनय जय भीम.

झालेली हकिकत सोबतच्या कागदांवर लिहिली आहे, म्हणून पुन्हा सांगत नाही. मामांनी भरलेल्या बाटल्यांचे निकाल आले. निम्म्याहून जास्त घरं नापास आहेत. वर्गणी सगळ्यांनी दिली, टाक्यांची दुरुस्ती सुरू झाली आहे, आणि तोवर सगळी घरं पाणी उकळून पितात. ते अठ्ठ्याण्णवच्या आसपास उकळतं, हे मी सर्वांना सांगितलं आहे.

सात नंबर याही वेळी नापास आहे. घराण्यातला पहिला पदवीधर मी आणि दोन्ही परीक्षांत नापास होणाराही कॉलनीत मीच एकटा. पण या वेळचं नापास होणं आमचं स्वतःचं आहे, बाई. उत्तर आधी लिहिलं नव्हतं. सिद्धी परत अंगणात खेळायला येते. तुम्ही त्या दिवशी शून्य दिला नसतात, तर मी अजून अडतीत बसून सगळीकडं शंभर लिहीत असतो.

तुमचा विद्यार्थी,
संजय

ता. क. भावाबरोबर आईनं तुमच्यासाठी आमच्या विहिरीच्या पाण्याची बाटली दिली आहे. तिचा प्रयोगशाळेवर विश्वास नाही. बाई, कृपा करून ते पिऊ नका. पण आईला 'पाणी फार गोड लागलं' असं दोन ओळींनी नक्की कळवा.

ता. क. २. वरची ओळ लिहून झाल्यावर लक्षात आलं, की पाणी न बघताच उत्तर लिहा, असं मी तुम्हालाच सांगतो आहे. शून्य परत द्यायचा असल्यास पाकिटात घालून भावाजवळ द्यावा."